सात वाव पाणी आणि नातीचं घड्याळ

माझी नात पोटासाठी पाण्यात बुडते. हे वाक्य मी मुद्दाम असंच म्हणते. ऐकणारीचा पदर तोंडाशी जातो, डोळे मोठे होतात, आणि मग मी सावकाश पुढचं सांगते: पोरगी कोकणात असते, पाठीला हवेची टाकी लावून समुद्रात उतरते, हौशी माणसांना खालचे मासे दाखवते आणि सगळ्यांना मोजून परत वर आणते.

पोहायला ती आमच्या डोंगरकडा गावच्या मळ्यातल्या विहिरीत शिकली, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. शिकवलं माझ्या धाकट्या जावेनं. मी काठावर बसून ओरडत होते. मला पोहता येत नाही, पण ओरडण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

गेल्या दिवाळीला ही पोरगी चार दिवस आधीच येऊन थडकली. म्हणाली, "सुट्टी मिळाली." समुद्रावर ऐन दिवाळीत माणसांची जत्रा असते, तेव्हा सुट्टी कोण देतं? त्यात ती दर दोन मिनिटांनी डावं मनगट वळवून बघायची, आणि मनगट तर मोकळं. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा मला राहवेना.

"काय शोधून राहिली? टाइम पाहायचा तर भिंतीवर घड्याळ हाय."

तिनं पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला. डबा तांदळानं भरलेला. त्यात हात खुपसून तिनं एक काळं, जाडजूड घड्याळ बाहेर काढलं. त्याच्या फटीफटीत तांदळाची कणी.

"हे काय? खिचडी लावायची व्हय याची?"

"पाणी गेलंय त्यात आजी. मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात ना, म्हणून."

"मंग? तांदूळ काय म्हणले?"

ती हसली नाही. माझ्या विनोदावर ही पोरगी हसली नाही म्हणजे मामला गंभीर होता.

मग तिनं सांगितलं. त्या घड्याळाला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. आपण पाण्यात किती खोल आहोत, किती वेळ झाला, अजून किती वेळ थांबता येईल, हे ते सांगतं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे वर येताना किती हळू यायचं तेही सांगतं. खाली पाण्याच्या दाबात श्वास घेतला की हवेतला वायू रक्तात मुरतो. माणूस भसकन वर आला तर तो वायू सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो. मग माणूस जायबंदी, नाहीतर कायमचा आडवा.

तर हे घड्याळ सोळा मीटरवर असताना फिकं पडलं, पुन्हा उजळलं आणि मग गेलं ते गेलंच. पोरीनं शिकवल्याप्रमाणे सगळं नीट केलं. जोडीदाराला खूण केली, त्याच्या घड्याळावर नजर ठेवून हळूहळू वर आली. बोटीत बसल्यावर मात्र तिनं ते घड्याळ मनगटावरून काढून टाकलं. त्यानंतर तीनदा तिनं पोशाख चढवला आणि तीनदा उतरवला. बारा दिवसांवर तिची शिक्षक होण्याची परीक्षा आली होती.

"मी नाही देत परीक्षा," ती म्हणाली. "ऑफिसात बसून फोन उचलीन."

"दुसरं घड्याळ देत न्हाईत का तुला?"

"देतात गं. पण हे तीन वर्षं माझ्या हातावर होतं. हेच खाली दगा देतं, तर मग मी कोणावर भरवसा ठेवू? कंपनी म्हणते पाठवून द्या, दोन-तीन महिने लागतील."

दोन-तीन महिने फोन उचलणारी पोरगी पुन्हा पाण्यात जात नसते, एवढं मला कळत होतं. मी उठले आणि फळीवरून ह्यांची पेटी काढली.

आमचे हे घड्याळजी. डोंगरकड्याच्या बस थांब्याजवळ आमची लाकडी टपरी होती. ह्यांच्याकडे बघून बघून मी काम शिकले, आणि ह्यांच्या मागं टपरी बरीच वर्षं चालवली, लोकांनी मनगटाऐवजी खिशातल्या मोबाइलवर टाइम बघायला सुरुवात केली तोपर्यंत. पेटीत सगळं जागच्या जागी होतं: डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, बारके पेचकस, स्पिरिटची बाटली. बाटली तेवढी वाळली होती.

घड्याळाच्या मागं एक गोल झाकण होतं, नाणं घालून फिरवायचं. उघडलं. आत सेल, आणि सेलवर हिरवी जंग. पोरगी म्हणाली, सेलचा खण वेगळा असतो, त्यातलं पाणी सहसा आतल्या यंत्रापर्यंत जात नाही. म्हणजे आशेला जागा होती. मी खिडकीशी उजेडात बसले, भिंग लावलं आणि झाकणाची रबरी रिंग बघत बघत फिरवली. पाणी अडवायचं सगळं काम त्या रिंगचं. रिंग धड होती. पण तिच्यावर आडवा, आतून बाहेर गेलेला, एक केस पडला होता. दोन बोटं लांब. तांबूस रंग लावलेला.

मी चिमट्यात धरून तो वर उचलला. "हा कोणाचा?"

पोरीचा हात आपसूक डोक्याकडे गेला.

"सेल कोणी बदलला?"

"मीच. बोटीवर. घाईत होते, केस ओले होते..."

मला असं हसू फुटलं की भिंग डोळ्यातून निसटून मांडीवर पडलं.

"आजी, मी मेले असते!"

तेव्हा मी थांबले. "म्हणूनच हसून राहिले माय. जीव भांड्यात पडला म्हणून. घड्याळानं दगा न्हाई दिला तुला. आपणच त्याच्या तोंडात केस घातला. आन् ही खोड कुठून आली ते मला बराबर ठाऊक हाय."

मग तिला ती गोष्ट सांगितली, जी मी चाळीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांची होते, आणि माझ्यासारखी कारागीर मराठवाड्यात नाही, अशी माझी खात्री होती. माझ्याशिवाय कोणाची नव्हती. माझे केस कमरेच्या खाली. न्हाऊन आले की ते मोकळे सोडून मी टपरीत बसायची. कारण सांगायची वाळवायचे आहेत, खरं कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावेत. हे सुट्या भागांसाठी नांदेडला गेले होते, तेव्हा शाळेचे मुख्याध्यापक घड्याळ घेऊन आले. "ते आल्यावर देतो," म्हणाले. मी म्हणाले, "काहून थांबता सर? मी काय वाळू चाळायला बसले का इथं?" घड्याळ उघडलं, झटकलं, तेलाचा थेंब सोडला, काटे फिरले. "झालं!" म्हणून दिलं पण. ह्यांचा एक नियम होता: दुरुस्त घड्याळ तीन दिवस खिळ्याला टांगायचं, सकाळ-संध्याकाळ रेडिओशी ताडून बघायचं, मगच द्यायचं. मला तो नियम म्हणजे मंद माणसाचा चाळा वाटायचा.

पंधरा दिवसांनी ते घड्याळ बंद पडलं. सर कामानं हिंगोलीला गेले होते, तिथल्याच घड्याळजीकडे त्यांनी ते टाकलं. त्यानं उघडलं तर आतल्या चाकाला एक केस गुंडाळलेला. ओढला, तर येतोय, येतोय, दीड हात आला. त्या बाबानं इमानदारीनं तो कागदात बांधून घड्याळाबरोबर दिला. सरांनी कागद खिशात टाकला, आणि सदरा धुवायला घेतला तेव्हा तो सापडला त्यांच्या बायकोला.

पुढच्या बाजारच्या दिवशी बाई आमच्या टपरीसमोर उभ्या. हातात तो कागद. गावातल्या निम्म्या बायकांच्या वेण्यांशी केस ताडून झाला होता म्हणे. त्यांनी माझ्या डोक्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, पुन्हा डोक्याकडं पाहिलं. मी शहाणी काय बोलावं? "किती सुंदर केस हाय हो, कोणाचा?"

ह्यांनी शांतपणे मान वर केली. "आमच्याच घरचा हाय बाई."

"तुमच्या घरचा केस आमच्या ह्यांच्या घड्याळात काय करून राहिला?"

मग ह्यांनी बाईंना स्टुलावर बसवलं, चहा मागवला, एक घड्याळ उघडून दाखवलं, केस कसा पडतो, कुठं अडकतो, सगळं. बाई शेवटी हसल्या. मी नाही. मला त्या दिवसापासून डोक्याला फडकं बांधून बसावं लागलं, आणि तीन दिवसांचा नियम पाठ झाला.

नात हसून हसून आडवी झाली. आल्यापासून पहिल्यांदा.

मग आम्ही दोघींनी डोक्याला फडकी बांधली. हिंगोलीहून येताना माझ्या मुलाला नवं स्पिरिट आणायला लावलं. सेलच्या खणातले पत्रे मी आधी खोडरबरानं घासले, मग कापूस काडीला गुंडाळून स्पिरिटनं पुसले, पिवळे लख्ख होईपर्यंत. नवा सेल आणि नवी रिंग पोरीच्या पिशवीत होती. रिंगला ग्रीस लावताना ती भसाभसा लावायला निघाली, तर मी हातावर चापट मारली. "पुरणपोळीवर तूप न्हाई वाढायचं. नुसतं लागल्यासारखं लाव." भिंगातून दोनदा बघितलं, तिलाही बघायला लावलं. झाकण बसवलं.

पडदा उजळला. पोरगी उडीच मारून म्हणाली, "झालं!"

"न्हाई झालं. तीन दिवस."

"पण खिळ्याला टांगून याचं काय कळणार? ह्याला पाण्याचा दाब लागतो. कंपनीत त्याचं वेगळं भांडं असतं."

"आपल्याकडं बी हाय. तू त्यातच पोहायला शिकली."

पाऊसकाळ चांगला झाला होता. विहीर तुडुंब, तीन पायऱ्या उतरलं की पाण्याला हात लागत होता. केळीतून चालत आम्ही तिथं पोचलो तर जाऊ आधीच येऊन बसलेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं; तिला कधीच बोलवावं लागत नाही. कांद्याच्या जाळीत घड्याळ ठेवलं, जाळीखाली दोन किलोचं माप बांधलं. आणि दोरी मोजायचं काम अर्थात मी माझ्याकडं घेतलं. आमच्याकडे दोरी वावानं मोजतात. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे सहा फूट. मी हात पसरत गेले, गाठी मारत गेले. सात वाव झाले.

घड्याळ सोडलं. सातवी गाठ पाण्याला टेकली, थोडं थांबलो, आणि जावेनं बादली शेंदावी तशी दोरी सपासप ओढली. तर विहिरीच्या पोटातून आवाज: टीट टीट टीट टीट! जावेनं दोरी सोडलीच असती.

"आक्का, बोलून राहिलं वो ते!"

"धाकटे आजी, हळू! ते म्हणतंय, फार जोरात वर येताय."

"आता पाणी शेंदायचं बी यानं शिकवावं," जाऊ म्हणाली, पण हळू झाली.

घड्याळ वर आलं. पडदा चालू, सगळे आकडे शाबूत. किती खोल गेलो होतो तेही त्यानं लिहून ठेवलं होतं: दहा मीटर. पोरीनं मोबाइलवर हिशेब केला. सात वाव म्हणजे बेचाळीस फूट. बेचाळीस फूट म्हणजे बारा मीटर ऐंशी.

तिचा चेहरा पडला. "जवळजवळ तीन मीटर कमी सांगतंय आजी."

मी भिंगवाल्या माणसाच्या तोऱ्यात म्हणाले, "मंग आतलं दाब मोजणारं बिघडलं असंल. ते आपल्या हाताबाहेरचं." जावेसमोर बोलताना माझा आवाज जरा जास्तच जाणकार होतो.

पोरीनं जाळीतून घड्याळ काढलं, पुसलं आणि कठड्यावर ठेवून दिलं. मनगटाला बांधलं नाही. "मी फोनच उचलते," ती म्हणाली. एवढंच. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

जाऊ दोरी गोळा करता करता म्हणाली, "आक्का, वाव कोणाचा धरला?"

"कोणाचा म्हंजे? वाव तो वाव. सहा फूट."

"सहा फूट गड्याचा. तुमी किती फूट?"

मी तिच्याकडं पाहिलं. जाऊ माझ्याहून वीतभर उंच आहे, आणि लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिनं हे मला विसरू दिलेलं नाही. तिनं दोरी उचलली आणि आपले लांब हात पसरून मोजायला सुरुवात केली. माझे सात वाव तिच्या हातात सहा आणि चार बोटं भरले.

"आटली का काय दोरी?" ती म्हणाली. इतकी खूश मी तिला नातवाच्या बारशालाही पाहिली नव्हती.

इंजिनाच्या खोलीत प्लॉट मोजायची टेप होती. पोरगी पळत गेली, पळत आली. दोरी जमिनीवर ताणून धरली. दहा मीटर तीस. म्हणजे माझा वाव पाच फुटांचाही नव्हता. उभ्या जन्मात मी किती जणांना दोरी मोजून दिली असेल, त्या सगळ्यांची विहिरीत बादली पोचली की नाही, देव जाणे.

"पण दहा अन् दहा-तीस बी एक न्हाई," मी चिवटपणे म्हणाले. हरायचं तर पुरतं हरू नये.

पोरगी मात्र आता घड्याळाच्या मागंच लागली होती. "थांब थांब. हे समुद्रासाठी बनवलंय. खारं पाणी जड असतं. विहिरीचं पाणी गोडं, हलकं, म्हणून इथं ते थोडं कमीच दाखवणार. शंभरात अडीच-तीन." तिनं पुन्हा आकडे दाबले. "दहा-तीसला दहा-शून्य-पाच यायला पाहिजे. आणि आलेत दहा!" तिनं ते घड्याळ दोन्ही हातांत धरलं. "आजी, या विहिरीवर सगळ्यात खरं हेच बोलत होतं."

"माझ्या खालोखाल," जाऊ म्हणाली.

त्या संध्याकाळी मी टेपनं गाठी पुन्हा मारल्या. दुसऱ्या दिवशी सहा वेळा घड्याळ सोडलं, कधी तीन मीटर, कधी आठ, कधी बारा. दर वेळी हिशेबाला हिशेब. दोरी ओढायला जाऊ, आणि "हळू, हळू" ओरडायला मी. तिसऱ्या दिवशी एक तासभर ते तळाशी ठेवलं आणि आम्ही तिघी कठड्यावर बसून चिवडा खाल्ला. मग मी झाकण उघडलं. आत कोरडं ठणठणीत. रिंग पुन्हा पुसली, पुन्हा बघितली, पुन्हा बसवली. तोवर निम्मं गाव येऊन गेलं होतं. पुसेगावची माझी भाची दिवाळीला आली होती, तिनं तर विचारलं, विहिरीची सोनोग्राफी चालली आहे का.

पोरीनं घड्याळ मनगटाला बांधलं. "आता तरी झालं का?"

खोटं बोलायचा फार मोह झाला. वीस वर्षांची मी असते तर छातीवर हात मारून म्हणाले असते, जा, माझी गॅरंटी. पण आता खाली जाणार होती ती माझी नात.

"मी विहीर पाहिली," मी म्हणाले. "समुद्र न्हाई पाहिला. तवा पहिल्या वीस खेपा दुसऱ्या हाताला दुसरं बांध. दोघं बराबर बोलले तर मंग यावर एकट्यावर जा. वीसच्या आधी न्हाई."

"आमचे सरही असंच सांगतात, एकट्या यंत्रावर कधी जाऊ नका."

"शहाणा माणूस हाय मंग. केस बांधून बसतो का विचार."

भाऊबीज झाली आणि ती गेली. त्या दिवशी फोन नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मी फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरत होते, आणि जाऊ मधून मधून येऊन "आला का?" विचारून माझं डोकं फिरवत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी, आम्ही दोघी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा वाजला.

"आजी! आजी, कासव!"

"कोण?"

"कासव गं! केवढं मोठं! सकाळी उतरलो, खडकापाशी वळले तर समोर. माझ्याकडं बघत होतं. असं म्हाताऱ्या माणसासारखं बघत होतं, आणि मग माझ्या अगदी जवळून..." ती बोलत सुटली. मागं वारा, बोटीचं इंजिन, कोणाचं तरी हसणं. किती खाली, पाणी कसं निळं, मासे कसे पिवळे, कासवाच्या पाठीवर शेवाळ किती. मी मध्ये दोनदा तोंड उघडलं, पण शिरकाव मिळेना.

शेवटी मी ओरडलेच. "अगं, आन् घड्याळ?"

"कोणतं घड्याळ? हां, ते होय. चाललं की. दोन्ही सारखी. काल दोनदा गेले, आज दोनदा. ऐक ना, ते कासव परत वळलं..."

तीन दिवस विहिरीवर उन्हात बसलो, जावेकडून जन्माचा पाणउतारा करून घेतला, आणि मान गेला कासवाला.

"आजी, परीक्षा परवा आहे. ठेवते हं, बोट सुटतेय, पुन्हा जायचंय." फोन बंद.

जावेनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "काय म्हणली? घड्याळाचं काय म्हणली?"

"काहीच न्हाई म्हणली," मी म्हणाले, आणि चहा टाकायला उठले. आधण ठेवताना माझ्या लक्षात आलं, की मी गुणगुणते आहे, आणि दूध दोघींसाठी नाही, चौघींना पुरेल इतकं ओतलं आहे.